वस्तूची स्थिती क्लासमध्ये कशी मांडायची

प्रोग्रॅमिंगमधला क्लास (वस्तूची माहिती आणि तिची कामं एकत्र मांडणारा साचा) शिकवताना पहिलं उदाहरण सहसा नाव, वय आणि पत्ता साठवणाऱ्या व्यक्तीचं देतात. त्यातून क्लास कसा लिहायचा ते कळतं, कशासाठी लिहायचा ते कळत नाही. नाव आणि पत्ता नुसते साठवायचे असतील तर साधी डिक्शनरीही (नावाला किंमत जोडून ठेवणारी यादी) पुरते. क्लासची खरी गरज पडते ती वस्तूला स्थिती असते तेव्हा. म्हणजे वस्तू तीच, बटण तेच, पण आत्ता दाबलं तर एक होतं आणि थोड्या वेळाने दाबलं तर दुसरंच.

मायक्रोवेव्ह ओव्हनवरचं 'थांबा' बटण घ्या. बऱ्याच ओव्हनमध्ये काम चालू असताना ते दाबलं की ओव्हन थांबतो, पण उरलेला वेळ पडद्यावर तसाच राहतो. तेच बटण पुन्हा दाबलं की वेळ पुसला जातो. एकाच बटणाचे दोन परिणाम झाले, कारण मधल्या काळात ओव्हनच्या आत लक्षात ठेवलेलं काहीतरी बदललं. ते 'काहीतरी' म्हणजे स्थिती. ती नीट मांडणं आणि बिघडू न देणं हे क्लासचं मुख्य काम आहे. व्हेरिएबल आणि फंक्शन एका छताखाली आणणं हे त्यासाठीचं साधन आहे, एवढंच.

क्लासची कल्पना आली तीच मुळी अशा कामातून. ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगॉर यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा बनवली ती प्रत्यक्षातल्या व्यवस्थांचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर नक्कल, करायला, आणि सिम्युला ६७ मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट (क्लासवरून बनलेली एकेक वस्तू) आले. म्हणून इथे ओव्हनचंच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. कोडचे तुकडे मराठी सूडोकोडमध्ये, म्हणजे फक्त समजण्यापुरत्या कोडमध्ये, आहेत. ते पायथॉनमध्ये सहज उतरवता येतात, जावा किंवा सी-शार्पमध्येही.

काय साठवायचं आणि काय नाही

संगणक उघडण्याआधी कागदावर ओव्हनबद्दल सुचेल ते सगळं लिहून काढा: क्षमता ८०० वॅट, रंग, दार उघडं की बंद, उरलेला वेळ, आतला दिवा, फिरती थाळी, पडद्यावरचे आकडे, चालू की बंद. मग प्रत्येकाला विचारा: ही गोष्ट ओव्हनच्या आयुष्यात बदलते का? बदलत असेल, तर दुसऱ्या कशावरून ती काढता येते का?

८०० वॅट बदलत नाही. ती कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) एकदा द्यायची आणि विसरायची. ती स्थिती नव्हे. रंगाचा आपल्या प्रोग्रॅममधल्या कुठल्याही निर्णयाशी संबंध नाही, तो सरळ खोडा. नवशिक्यांना इथे हात आखडता घेणं जड जातं. वस्तूबद्दल जे माहीत आहे ते सगळं क्लासमध्ये आलंच पाहिजे असं वाटतं. तसं नसतं. ज्याच्यावरून प्रोग्रॅम काही ठरवणार आहे, तेवढंच ठेवायचं.

दिवा हा खरा फसवा भाग. तो बदलतो, दिसतो, म्हणून 'दिवा_चालू' असं ॲट्रिब्यूट (ऑब्जेक्टमध्ये साठवलेली किंमत) ठेवावंसं वाटतं. पण दिवा कधी लागतो? दार उघडं असताना किंवा ओव्हन चालू असताना. म्हणजे दिव्याची स्वतःची अशी काही माहितीच नाही. ती दुसऱ्या दोन गोष्टींवरून निघते. ती वेगळी साठवली तर दार उघडताना, लावताना, सुरू करताना, थांबवताना आणि वेळ संपताना अशा पाच ठिकाणी ती आठवणीने बदलावी लागेल. त्यातलं एक ठिकाण राहून गेलं की ओव्हन बंद आणि दिवा चालू. त्यापेक्षा 'दिवा_चालू' ही मेथड (क्लासच्या आतलं फंक्शन) करा, जी विचारल्यावर 'दार उघडं आहे किंवा स्थिती चालू आहे' हे उत्तर त्या क्षणी काढून देते. पायथॉनमध्ये याला प्रॉपर्टी करता येतं. मग ते वाचायला ॲट्रिब्यूटसारखंच दिसतं, पण बाहेरून कुणी त्यात किंमत घालायला गेलं तर एरर येते.

पडद्यावरच्या वेळेचंही तसंच. मिनिटं आणि सेकंद अशी दोन ॲट्रिब्यूट ठेवली तर '१ मिनिट ३० सेकंद' आणि '० मिनिटं ९० सेकंद' या एकाच वेळेच्या दोन नोंदी होतात, आणि दोन वेळा सारख्या आहेत का हे तपासणारी प्रत्येक ओळ गोत्यात येते. फक्त एकूण सेकंद ठेवा. दाखवताना ६० ने भागा: भागाकार १, बाकी ३०.

एवढी छाटणी केल्यावर हातात तीनच गोष्टी उरतात: दार, उरलेले सेकंद, आणि ओव्हन काय करतोय ते.

ट्रू-फॉल्सची गर्दी

'ओव्हन काय करतोय' हे मांडायला बहुतेक जण 'चालू' आणि 'थांबलेला' अशी दोन बूलियन (फक्त ट्रू किंवा फॉल्स असणारी व्हेरिएबल) घेतात. दाराचं तिसरं. सोपं वाटतं, पण मोजून बघा. तीन बूलियनच्या २ × २ × २ = ८ जोड्या होतात. त्यातल्या किती खऱ्या जगात शक्य आहेत? चालू आणि थांबलेला दोन्ही एकाच वेळी ट्रू असू शकत नाहीत, म्हणून दोन जोड्या बाद. दार उघडं असताना ओव्हन चालू असू शकत नाही, म्हणून आणखी एक बाद. उरल्या ५. म्हणजे आठपैकी तीन जोड्या अशा, ज्या प्रत्यक्षात होऊच नयेत, पण प्रोग्रॅम त्या बिनतक्रार साठवेल.

पहिल्या दोन तर सहज टाळता येतात. ज्या अवस्था एकमेकींना वगळतात, त्यांच्यासाठी वेगवेगळी बूलियन न घेता एकच ॲट्रिब्यूट घ्यायचं: 'स्थिती', आणि तिच्या किमती तीन, स्वस्थ, चालू आणि थांबलेला. आता 'चालूही आणि थांबलेलाही' हे लिहिताच येत नाही. चूक पकडण्यापेक्षा ती लिहिताच न येणं केव्हाही चांगलं.

या तीन किमती स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून ठेवू नका. एका ठिकाणी "चालू" आणि दुसऱ्या ठिकाणी "चालु" लिहिलं गेलं तर तुलना गुपचूप फॉल्स येते आणि कुठलीही एरर मिळत नाही. ह्रस्व-दीर्घाची ही चूक डोळ्यांना पटकन दिसत नाही, आणि तासभर जातो. त्यासाठी एनम, म्हणजे ठरावीक नावांची बंद यादी, वापरा. पायथॉनमध्ये तो ३.४ पासून आहे, जावात आवृत्ती ५ पासून. एनममध्ये नसलेलं नाव लिहिलं की जावा कंपाइलच होऊ देत नाही, आणि पायथॉन ती ओळ चालवताच थांबतो.

मग दारही याच एनममध्ये का घालू नये? घालता येईल: 'स्वस्थ-दार-बंद', 'स्वस्थ-दार-उघडं', 'थांबलेला-दार-बंद' अशी पाच नावं होतील. पण दार ही स्वतंत्र बाजू आहे, आणि स्वतंत्र बाजू एकाच यादीत कोंबल्या की यादी बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या स्टेटचार्टमागे (स्थिती आणि त्यांतले बदल दाखवणाऱ्या आकृत्यांमागे) ही अडचण होतीच. त्यात स्वतंत्र बाजू शेजारी शेजारी वेगळ्या काढता येतात. आपणही दार वेगळं बूलियनच ठेवू, आणि उरलेली एक अशक्य जोडी, 'दार उघडं आणि चालू', नियमाने अडवू.

कोष्टक

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून गाळला जातो, आणि बहुतेक बग इथेच जन्मतात. डावीकडे पाच शक्य जोड्या लिहा. वर सहा घटना लिहा: वेळ_भर, सुरू_कर, थांबव, दार_उघड, दार_लाव, सेकंद_गेला. तीस चौकोन झाले. प्रत्येकात काय होईल ते लिहायचं. पुष्कळ ठिकाणी 'काहीच नाही' येईल, पण तेसुद्धा ठरवून लिहायचं.

काही चौकोन विचार करायला लावतात. स्वस्थ आहे, वेळ भरलेला नाही आणि कुणी 'सुरू' दाबलं: मग? काही ओव्हन सरळ ३० सेकंद धरून सुरू होतात, काही ढिम्म राहतात. आधीच चालू असताना 'सुरू' दाबलं: काही ३० सेकंद वाढवतात. थांबलेला असताना नवा वेळ भरू द्यायचा का? यांतलं एकच उत्तर बरोबर असं नाही, पण एक उत्तर ठरलेलं असावं लागतं. तुम्ही ठरवलं नाही तर कोडमधली इफची रचना परस्पर ठरवून टाकते.

आपण असं धरू: वेळ फक्त स्वस्थ असताना भरता येतो, आणि ० सेकंदांवर 'सुरू' दाबलं तर काही होत नाही.

कोष्टकाचा आणखी एक उपयोग आहे. दोन ओळींची सगळी उत्तरं तंतोतंत सारखी आली, तर त्या दोन वेगळ्या स्थिती नाहीतच. एक करून टाका. 'वेळ भरून ठेवलेला' अशी चौथी स्थिती हवी का, असा प्रश्न पडला तर तो असाच सोडवायचा. आपल्या नियमांत स्वस्थ ओव्हनमध्ये वेळ भरलेला असला तरी तो पुन्हा भरता येतो, आणि सुरू होईल की नाही हे नुसते सेकंद बघून कळतं. म्हणून चौथी स्थिती नको. थांबलेला मात्र नवा वेळ घेत नाही, म्हणून तो वेगळा राहतो.

मेथड म्हणजे घटना

आता कोड; वेळ_भर सोडून बाकीच्या पाच घटना इथे लिहिल्या आहेत. कन्स्ट्रक्टरमध्ये ओव्हन जन्मतानाच वैध हवा: स्थिती स्वस्थ, सेकंद ०, दार बंद. 'आधी रिकामं ऑब्जेक्ट बनवू, मग भरू' असं केलं तर मधल्या ओळींत ते अर्धवट असतं, आणि कधीतरी कुणीतरी नेमकं तेव्हाच वापरतं.

सुरू_कर:
    जर दार_उघडं: 'नाही' परत दे
    जर सेकंद == ०: 'नाही' परत दे
    स्थिती = चालू
    'हो' परत दे

थांबव:
    जर स्थिती == चालू: स्थिती = थांबलेला
    नाहीतर: सेकंद = ०, स्थिती = स्वस्थ

दार_उघड:
    जर स्थिती == चालू: स्थिती = थांबलेला
    दार_उघडं = ट्रू

दार_लाव:
    दार_उघडं = फॉल्स

सेकंद_गेला:
    जर स्थिती चालू नसेल: परत जा
    सेकंद = सेकंद - १
    जर सेकंद == ०: स्थिती = स्वस्थ

'थांबव'मध्ये बटणाचे दोन परिणाम कसे आले ते बघा. 'दार_लाव' एका ओळीची आहे आणि ती तशीच राहू द्या. दार लावल्यावर ओव्हन आपोआप पुन्हा सुरू व्हावा असं कोडात घालायचा मोह होतो, पण खरा ओव्हन तसं करत नाही; 'सुरू' पुन्हा दाबावं लागतं. 'दार_उघड'मध्ये आधी थांबवलं आणि मग दार उघडं केलं, हा क्रमही मुद्दाम आहे. उलट केलं तर एका ओळीपुरता ओव्हन 'उघडा आणि चालू' राहतो. 'सुरू_कर'मध्ये आधी सगळ्या तपासण्या झाल्या आणि मगच बदल झाला, तेही त्याचसाठी. अर्धे बदल करून मग एरर आली, तर ऑब्जेक्ट धड जुन्या स्थितीत नसतं, धड नव्या.

मेथडची नावं नीट पाहा. ती सगळी घटनांची आहेत: दार उघडलं, सेकंद गेला. 'स्थिती_ठरव(नवी_स्थिती)' अशी मेथड यात नाही, आणि ती असू नये. प्रत्येक ॲट्रिब्यूटला एक गेटर (किंमत वाचून देणारी मेथड) आणि एक सेटर (किंमत बदलणारी मेथड) लिहायची सवय अनेक ठिकाणी लावतात, पण स्थितीला सेटर दिला की वरचे सगळे नियम बाजूला ठेवून कुणीही दार उघडं असताना 'चालू' लिहू शकतो. जावात ॲट्रिब्यूट प्रायव्हेट करा, म्हणजे क्लासच्या बाहेरून ते वापरताच येत नाही. पायथॉन कडक बंदी घालत नाही. नावाच्या सुरुवातीला एक अंडरस्कोर देऊन 'याला बाहेरून हात लावू नका' असं सांगण्याचा संकेत आहे, तो पाळा.

नकार कसा द्यायचा, हेही इथेच ठरतं. वापरणाऱ्याने दार उघडं ठेवून 'सुरू' दाबणं ही रोजची गोष्ट आहे, म्हणून तिथे 'नाही' हे साधं उत्तर पुरतं. पण वेळ_भर मेथडला उणे ५ सेकंद दिले, तर ती हाक मारणाऱ्या कोडची चूक आहे. तिथे एक्सेप्शन (काम तिथेच थांबवणारी एरर) द्या. गप्प बसून ० धरून घेतलंत तर चूक दहा ओळी पुढे भलत्याच रूपात उगवेल.

नियम लिहूनच ठेवा

आपल्या ओव्हनचे कायमचे नियम तीन: चालू असेल तर दार बंदच, चालू किंवा थांबलेला असेल तर सेकंद शून्यापेक्षा जास्त, सेकंद कधीही उणे नाहीत. अशा नियमांना इन्व्हेरियंट म्हणतात. ते 'तपास' नावाच्या मेथडमध्ये असर्टने (अट खोटी निघाली तर एरर देणाऱ्या ओळीने) लिहा आणि शिकत असेपर्यंत प्रत्येक मेथडच्या शेवटी तिला बोलवा. स्थिती बिघडली तर ज्या मेथडने बिघडवली तिथेच प्रोग्रॅम थांबेल. एक काळजी घ्या: पायथॉन ऑप्टिमाइझचा पर्याय देऊन चालवला तर असर्ट वगळले जातात. म्हणून बाहेरून आलेली किंमत तपासायला असर्टवर विसंबू नका, तिथे एक्सेप्शनच द्या.

खऱ्या यंत्रांत या नियमांवर माणसांचे जीव असतात. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात किमान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग मिळाला आणि त्यातले काही दगावले. एका बगमध्ये ऑपरेटरने पडद्यावर उपचाराचा प्रकार झटपट दुरुस्त केला की पडद्यावर नवी निवड दिसे, पण यंत्राची आतली मांडणी तिच्याशी जुळत नसे. आधीच्या मॉडेलमध्ये असा प्रकार रोखणारे हार्डवेअरचे इंटरलॉक (धोक्याची स्थिती येऊच न देणारे अडसर) होते. या मॉडेलमध्ये ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलेलं होतं. मायक्रोवेव्हच्या दारातही एकाहून जास्त इंटरलॉक स्विच बसवतात. आपल्या 'दार_उघड' मेथडवर खऱ्या ओव्हनची सुरक्षितता कुणी सोडत नाही, हे मॉडेल लिहिताना ध्यानात असू द्या.

नेहमी अडणाऱ्या जागा

क्लासच्या आत स्लीप (प्रोग्रॅमला ठरावीक वेळ थांबवून ठेवणारी आज्ञा) वापरणं ही पहिली. '९० सेकंद थांब' असं मेथडमध्ये लिहिलं तर ती ९० सेकंद परतच येत नाही, आणि मधे दार उघडायला कुणी मेथड बोलावूच शकत नाही. शिवाय प्रत्येक चाचणीला दीड मिनिट. म्हणून वेळ बाहेरून आत द्यायचा: 'सेकंद_गेला' ही घटना कुणीतरी बाहेरून पाठवेल, ओव्हन फक्त तिला उत्तर देईल. प्रिंट आणि इनपुटही क्लासच्या बाहेरच ठेवा.

पायथॉनमध्ये सेल्फ (मेथडच्या आत 'हेच ऑब्जेक्ट' असं सांगणारं नाव) विसरणं ही दुसरी. मेथडमध्ये नुसतं 'सेकंद = ९०' लिहिलं की त्या मेथडपुरतं एक व्हेरिएबल तयार होतं, मेथड संपली की तेही संपतं, आणि ओव्हनमधले सेकंद ० च राहतात. एरर काही येत नाही. तिचीच बहीण म्हणजे शुद्धलेखनाची चूक: 'स्थिती'ऐवजी 'स्थीती' या नावात किंमत घातली, तर पायथॉन त्या नावाचं नवंच ॲट्रिब्यूट निमूट बनवून देतो. क्लासमध्ये स्लॉट्स (चालणाऱ्या ॲट्रिब्यूटच्या नावांची यादी) जाहीर केले तर यादीत नसलेल्या नावावर एरर येते.

इतिहास ठेवायला क्लासच्या अंगातच, कन्स्ट्रक्टरच्या बाहेर, रिकामी लिस्ट लिहिली तर ती सगळ्या ओव्हनमध्ये एकच असते. एका ओव्हनने त्यात नोंद केली की दुसऱ्याच्या इतिहासातही ती दिसते. याच जागी 'सेकंद = ०' लिहिलं तर मात्र काही बिघडत नाही, कारण सेल्फवर नवी किंमत देताना त्या ऑब्जेक्टचं स्वतःचं ॲट्रिब्यूट तयार होतं. एक चालतं आणि दुसरं चालत नाही, म्हणून गोंधळ उडतो. सरळ नियम करा: बदलणारं सगळं कन्स्ट्रक्टरमध्ये.

आणि 'चालू_ओव्हन', 'थांबलेला_ओव्हन' असे इनहेरिटन्सने (एका क्लासवरून दुसरा बनवून) वेगळे क्लास करू नका. ओव्हन दिवसातून कितीदा तरी चालू-बंद होतो. प्रत्येक वेळी ऑब्जेक्टचा क्लास बदलणार नाही. जे बदलतं ती स्थिती, जे जन्मभर तसंच राहतं तो प्रकार.

चाचणी

एक क्रम हाताने लिहा. ९० सेकंद भरा, सुरू करा, तीस वेळा सेकंद_गेला पाठवा, दार उघडा. स्थिती थांबलेला आणि सेकंद ६० हवेत. आता 'सुरू' पाठवा: 'नाही' मिळालं पाहिजे. दार लावा, अजूनही थांबलेलाच हवा. सुरू करा आणि ५९ सेकंद पाठवा: अजून चालू, उरला १. साठावा पाठवा: स्वस्थ. एकने चुकलेली मोजणी याच शेवटच्या दोन पायऱ्यांत पकडली जाते.

मग संगणकालाच खेळू द्या. सहा घटनांमधली कुठलीही एक रँडम निवडून पाठवायची, असं दहा हजार वेळा, आणि प्रत्येक वेळी 'तपास' बोलवायचं. रँडमला सीड (रँडम क्रमाची सुरुवात ठरवणारा आकडा) ठरवून द्या आणि घटना ओळीने नोंदवा, म्हणजे नियम मोडला तर तोच क्रम पुन्हा चालवून बघता येतो.

हे सगळं चालल्यावर सरावासाठी चाइल्ड लॉक जोडा. नवं बूलियन आलं की कोष्टकाच्या पाच ओळींच्या दहा होतात, त्यामुळे आधी कागदावर जा. सर्वात सोपं वाटणारं उत्तर म्हणजे प्रत्येक मेथडच्या सुरुवातीला 'लॉक असेल तर परत जा' ही ओळ टाकणं. ती 'दार_उघड'मध्ये टाकलीत तर मॉडेल बिघडतं, कारण लॉक बटणांना असतो. दार तरीही हाताने उघडतं. मग प्रत्यक्षात दार उघडं आणि ऑब्जेक्टच्या लेखी ते बंद, स्थिती चालू. 'तपास' मेथडही हे पकडणार नाही, कारण तिला दिसणारे आकडे आपापसात जुळतातच. 'सेकंद_गेला'मध्येही ती ओळ नको, नाहीतर लॉक लावला की ओव्हन कधी थांबणारच नाही.